जपानी पोकेमोन १५१: बॉक्स फोडावा की सुटी कार्डं घ्यावीत?

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईतल्यांना पुढचं वाचायची सक्ती नाही. छपाई म्हणून बघाल तर जपानी ‘पोकेमोन कार्ड १५१’ या जमवायच्या-खेळायच्या कार्डांच्या संचाला पाचपैकी पाच. मुंबईत सीलबंद बॉक्सला जो भाव सांगतात त्या भावाला दोन. आणि याच संचातली सुटी कार्डं, हातात घेऊन पारखून घेतलेली, साडेचार. अर्धा गुण पावसाळ्याने खाल्ला.

मी सातरस्त्याजवळच्या एका गाळ्यात लग्नपत्रिका आणि मिठाईची खोकी छापतो. जपानीतलं ओ की ठो कळत नाही. पोकेमोनमधलंही फारसं नाही. ते खातं नववीतल्या मुलाकडे. पण कागद, शाई, फॉइल आणि डाय (कापायचा साचा) यांत सगळी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे त्याने कार्ड हातात दिलं की मी चित्राच्या आधी कड बघतो. घरात यावरून हसतात. हसोत.

आता वस्तू काय आहे ते. हा संच जपानमध्ये १६ जून २०२३ला आला. पहिल्या पिढीचे सगळे १५१ पोकेमोन यात आहेत, म्हणजे ज्यांनी लहानपणी टीव्हीवर पिकाचू पाहिला त्या सगळ्यांच्या ओळखीची मंडळी. पाकिटात ७ कार्डं, कोणती ते फोडल्याशिवाय कळत नाही; बॉक्सात २० पाकिटं, एकूण १४० कार्डं. संच आला तेव्हा पाकिटाची तिथली किंमत २९० येन होती, बॉक्सचे होत ५,८०० येन, म्हणजे आपले तीन ते साडेतीन हजार. दादरला मी मोजले साडेबारा हजार. हा फरक पचवायला जड जातो, पण दुकानदारालाही सरसकट लुटारू म्हणता येत नाही. मागणी असलेला बॉक्स जपानमध्येही छापील भावात सहज हाती लागत नाही. पोकेमोनची तिथली दुकानं असे बॉक्स अनेकदा सोडत काढून विकतात, म्हाडाच्या घरांसारखे. नाव लागलं तर लागलं. मग तिथल्या फेरविक्रीवाल्याचा नफा, टपालखर्च, इथलं सीमाशुल्क आणि शेवटी दादरच्या गाळ्याचं भाडं. तुमचा कोणी भाचा-पुतण्या कंपनीच्या कामाने टोक्योला असेल तर गोष्ट वेगळी. त्याच्या बॅगेत चकलीचा डबा जातोच, येताना तिथे जागा होते.

इंग्रजीत हाच संच २२ सप्टेंबर २०२३ला निघाला. पण इंग्रजीत याचा नुसत्या पाकिटांचा मोठा बॉक्स काढलेलाच नाही. सहा पाकिटांचं छोटं बंडल घ्या, नाहीतर फासे, स्लीव्ह (कार्डाचं पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर) आणि चमचमीत खोकं अशा लवाजम्यासकट पाकिटं घ्या. मला फासे नको होते. भाषा वाचता येत नसताना जपानी का, याचं एक साधं कारण हे. दुसरं कारण छपाई.

आमच्या प्रेसवर दहापट मोठं दाखवणारं भिंग असतं, ठिपके तपासायला. ते मी दोन्ही भाषांतल्या कार्डांवर ठेवून पाहिलं. चित्रं तीच, चित्रकार तेच. पण आमच्याकडच्या कार्डांपुरतं बोलायचं तर जपानी कार्डाची कड स्वच्छ कापलेली आहे. बोट फिरवलं तर कुठे कागदाचा भुसा लागत नाही. इंग्रजी कार्डांच्या मागच्या निळ्या बाजूला कोपऱ्यांवर पांढरे कण दिसतात, ज्याला पोरं ‘व्हाइटनिंग’ म्हणतात. डायची पाती बोथट झाली, की आमच्याकडेही मिठाईच्या खोक्याला असंच होतं आणि गिऱ्हाईक बिल कापतं. चौकटही बघा. चित्र कार्डाच्या मधोमध बसलंय का, डावीकडची पट्टी उजवीपेक्षा जाड आहे का. आमच्या बॉक्समधल्या कार्डांत तिरकं कापलेलं एकही नव्हतं. लाखांच्या संख्येने होणाऱ्या कामात हे साधणं म्हणजे कटिंगवाल्याला दंडवत.

खरी गंमत मास्टर बॉल मिररमध्ये आहे. हे खास चमकीचं कार्ड साधारण बॉक्समागे एक निघतं. चित्राची चौकट सोडून बाकी सगळ्या अंगावर मास्टर बॉलची, म्हणजे पोकेमोन पकडायच्या खेळातल्या चेंडूची, चिन्हं लहान-मोठी पसरलेली, कार्ड हलवलं की उजळणारी. असं काम करताना चमकत्या बोर्डावर जिथे चमक नको तिथे आधी अपारदर्शक पांढरी शाई मारतात आणि तिच्यावर चार रंग चढतात. पांढरी शाई केसभर जरी सरकली तरी चित्राच्या काठाला चंदेरी रेघ डोकावते. आमच्या मास्टर बॉलला भिंगाखालीही ती रेघ सापडली नाही. आमच्या नशिबी मास्टर बॉल आला तो रॅटाटाचा. म्हणजे उंदीर. मुलाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं, मी मात्र त्या उंदरावर खूश. पाकिटातली सर्वांत अवघड छपाई सर्वांत फुटकळ प्राण्याच्या वाट्याला आलीय, याचंच मला कौतुक.

बॉक्समधून ‘मोठं’ काय निघालं हे सगळे विचारतात. या धंद्यातला अनुभव असा, की जपानी बॉक्समध्ये एसआर (सुपर रेअर, म्हणजे दुर्मीळ) किंवा त्यावरच्या दर्जाचं एक कार्ड बहुधा असतंच. आम्ही दुकानातच फोडत होतो, आजूबाजूला कॉलेजातली दोन पोरं वाकून बघत होती. सगळ्यांना हवा होता चारिझार्डचा एसएआर (स्पेशल आर्ट रेअर, एसआरच्याही वरचा), क्रमांक २०१/१६५. निघाली जिंक्स एक्स, एसआर. पोरं एकदम आपापल्या मोबाइलकडे वळली. दुकानदार म्हणाला, “काका, कार्ड चांगलंय, फक्त कोणाला नकोय.”

पण तीच जिंक्स तिरप्या उजेडात धरा. एसआर कार्डाच्या पृष्ठभागावर उठावाच्या अतिबारीक रेषा असतात. त्या सरळसोट नसतात; आकृतीच्या अंगाने वळतात, पार्श्वभूमीत दिशा बदलतात. नखाने हलकेच स्पर्श केला तर खरखर जाणवते. लग्नपत्रिकेवर आम्ही गणपती उठावात काढतो. सोंड छापलीय एकीकडे आणि उठाव आलाय दुसरीकडे, अशा पत्रिका तुमच्याही घरी आल्या असतील. (आमच्या प्रेसच्या नसाव्यात, एवढीच आशा.) इथे रेषेरेषेचा उठाव चित्राशी जुळवलेला आहे. साडेबारा हजारांत काय मिळालं असं बायकोने विचारलं तेव्हा मी तिला ही जिंक्स खिडकीशी नेऊन दाखवली. तिने पाहिली आणि म्हणाली, “बरं.”

आता भाषेचं. या संचापुरती भाषेची अडचण जवळपास नाहीच. खाली डाव्या कोपऱ्यात संचाचा संकेत असतो, ‘एसव्ही२ए’, शेजारी कार्डाचा क्रमांक आणि दर्जाची रोमन अक्षरं. ००१ ते १५१ हे क्रमांक पोकेमोनच्या मूळ यादीप्रमाणेच लावलेत, त्यामुळे ०२५/१६५ म्हणजे पिकाचू, १५१/१६५ म्हणजे म्यू. नाव वाचता आलं नाही तरी बाइंडर बिनचूक लागतो. १५२ ते १६५ ही ट्रेनर कार्डं, म्हणजे खेळातली माणसं आणि वस्तू, तिथे मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर करावं लागतं. १६५च्या पुढचे सगळे क्रमांक खास कार्डांचे आणि ते २१०पर्यंत जातात. एक लक्षात ठेवा: खास कार्डांचे क्रमांक इंग्रजीत आणि जपानीत सगळीकडे सारखे नाहीत. जो चारिझार्ड जपानीत २०१ तो इंग्रजीत १९९. ऑनलाइन भाव शोधताना चुकीच्या भाषेचा क्रमांक टाकला तर भलताच आकडा समोर येतो आणि काही विक्रेते तोच आकडा तुमच्यापुढे नाचवतात.

खेळायला घेणार असाल तर मात्र जपानी कार्डांच्या वाटेला जाऊ नका. हल्ल्याचे आकडे आणि ऊर्जेची चिन्हं कळतात, पण नियमाची जी ओळ खाली असते तीच निर्णायक असते. घरी भावाबहिणींत चालून जातं. स्पर्धेत कुठल्या भाषेची कार्डं चालतात ते आयोजकांना आधीच विचारलेलं बरं.

सुट्या पाकिटांविषयी जरा खडसावून सांगतो. जपानी बॉक्समध्ये मोठं कार्ड साधारण एकच असतं हे वर आलंच. मग विचार करा, एखाद्याने बॉक्स फोडला, आठव्या पाकिटात त्याला ते मिळालं, तर उरलेल्या बारा पाकिटांचं तो काय करणार? ती ‘ओरिजिनल जपानी पॅक’ म्हणून सुटी विकणार. पाकीट खरं, आतली कार्डं खरी, फसवणूकही म्हणता येत नाही; पण तुम्ही जी आशा विकत घेताय ती आधीच कोणीतरी काढून घेतलेली असू शकते. आमच्या मशीनमनच्या मुलाने ऑनलाइन अशी पाकिटं मागवली आणि सगळ्यांतून साधीच कार्डं निघाली. हा निव्वळ योगायोगही असेल. पण मी सुटं पाकीट तेव्हाच घेईन जेव्हा दुकानदार माझ्यासमोर नवा बॉक्स उघडून त्यातलं देईल. आणखी एक गोष्ट, बॉक्सवर प्लास्टिक नाही म्हणून लगेच शंका घेऊ नका. फेरविक्रीला आळा बसावा म्हणून जपानमधली काही दुकानं विकतानाच ते प्लास्टिक काढून देतात. पण मग बॉक्स कुठून आला हे सांगणारा दुकानदार विश्वासाचा हवा.

नकली मालाचं तर विचारूच नका. लोकलमध्ये आणि स्टेशनबाहेरच्या फूटपाथवर सोनेरी प्लास्टिकची पोकेमोन कार्डं मिळतात ती खेळणी आहेत, विकणाराही त्यापेक्षा जास्त काही दावा करत नाही. पोरांनी घ्यावीत, खेळावीत. त्रास कागदावरच्या नकलांचा. त्यांना ओळखायला भिंग घ्या, शंभर-दीडशे रुपयांचं साधंही चालेल, आणि चित्र सोडून काळं अक्षर बघा. मूळ कार्डात काळं अक्षर एकट्या काळ्या शाईचं असतं, काठ ठसठशीत. कार्ड स्कॅन करून छापलं की मशीनला अक्षर आणि चित्र यांतला फरक कळत नाही, त्यामुळे अक्षरही निळ्या-गुलाबी-पिवळ्या ठिपक्यांत फुटतं आणि काठ विरतो. प्रेसवाल्याला हे डोळे मिटून कळतं, तुम्हालाही दोन कार्डं शेजारी ठेवली की कळेल. मोठ्या कार्डावर उठाव नसेल, किंवा सगळीकडे एकाच साच्याचा असेल, तरी परत करा. मात्र मागची बाजू वेगळी दिसते म्हणून कार्ड नकली ठरवू नका. जपानी कार्डाची पाठ इंग्रजीपेक्षा वेगळीच असते. शिवाय जपानमध्ये हा खेळ ऑक्टोबर १९९६ मध्ये सुरू झाला आणि २००१च्या सुमारास त्यांनी पाठीची रचना बदलली, त्यामुळे जुन्या आणि नव्या जपानी कार्डांतही फरक आहे. इंग्रजीची पाठ १९९९पासून तीच चालत आलीय.

पावसाळा. या शहरात कार्डं जमवणाऱ्याचा खरा शत्रू हाच. जून लागला की आमच्या प्रेसवर कागदाची थप्पी लगेच उघडत नाही. हवेतला दमटपणा पिऊन कागद फुगतो, रजिस्टर हलतं, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसत नाहीत, आणि दिवसभराचं काम वाया जातं. चमकीच्या कार्डाचंही तेच शास्त्र आहे. पाठीमागचा कागद ओल शोषून पसरतो, पुढची फॉइल पसरत नाही, म्हणून कार्ड पुढच्या बाजूला वळतं आणि त्याच्या कडा वर येतात. एसीत फार कोरड्या हवेत ठेवलं तर उलट्या दिशेला वळतं. जुलैत टेबलावर उघडं राहिलेलं सायडक या पोकेमोनचं एआर (आर्ट रेअर) कार्ड संध्याकाळपर्यंत असं वाकलं की खालून पेन्सिल सरकवता यावी. साध्या कार्डांना फारसं काही होत नाही, होतं ते नेमकं महागाच्या कार्डांना. हा दोष भाषेचा नाही. पण ज्या देशात बसून हे कार्ड तयार झालं त्यांनी चेंबूरची चाळ डोळ्यांपुढे ठेवलेली नाही हे उघड आहे.

उपाय सोपा आहे. कार्ड स्लीव्हमध्ये, स्लीव्ह टॉपलोडरमध्ये (कडक प्लास्टिकच्या खोळीत), हे सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात आणि डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या. नारिंगी खड्यांच्या घ्या, ओल पिऊन ते हिरवे झाले की बदलायच्या. निळ्या खड्यांत कोबाल्टचं रसायन असतं, ते घरात नकोच. आणि पुड्या मूठभर ओतू नका, फार सुकलं तरी वाकतंच. वाकलेल्या कार्डावर कोणी इस्त्री फिरवायला सांगितली तर त्याच्याशी मैत्री कमी करा. स्लीव्हमध्ये घालून जाड पुस्तकांखाली कोरड्या कपाटात ठेवलं की बरंचसं सरळ होतं.

स्लीव्ह घेताना माप बघा. जपानी म्हटलं की दुकानदार लहान मापाचे स्लीव्ह पुढे करतात. लहान असतात ती यूगिओ या दुसऱ्या जपानी खेळाची कार्डं, ५९ बाय ८६ मिलिमीटर. पोकेमोनचं कार्ड जपानी असो वा इंग्रजी, ६३ बाय ८८. लहान स्लीव्हमध्ये कोंबलं तर कोपरा गेलाच. अब्दुल रेहमान स्ट्रीटवर फाइलींची पारदर्शक पानं घाऊक भावात मिळतात, पण वास घेऊन घ्या. नव्या रेनकोटचा वास आला तर ते पीव्हीसी; त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ कालांतराने बाहेर येतो आणि शाईला चिकटतो. पॉलिप्रॉपिलीनची पानं थोडी महाग, पण त्यांना वास नसतो.

शेवटी दुकान. नाव लिहीत नाही, कारण मालकानेच हात जोडलेत: जागा दहा बाय बाराची, शनिवारी पाय ठेवायला जागा नसते आणि खालच्या मजल्यावरचे भाडेकरू तक्रार करतात. दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं, पहिला मजला. ज्यांना शोधायचं आहे त्यांना या शहरातली कार्डवाली पोरं सांगतील. मालक तिशीतला, बोलायला गोड, भावाला कडक. सीलबंद बॉक्सवर शंभराची सूट देताना त्याचा जीव जातो. पण त्याच्या सुट्या कार्डांच्या फायली बघायला मी मुलाशिवायही जातो. प्रत्येक कप्प्यावर पेन्सिलीने भाव, कोपरा दुखावलेला असेल तर तसं लिहिलेलं. भिंग काढलं तर वाईट वाटून घेत नाही, उलट खुर्ची देतो.

तिथेच मी ‘ट्रिपलेट बीट’ या दुसऱ्या जपानी संचातला मॅजिकार्प हा मासा-पोकेमोन पाहिला, ०८०/०७३, चित्रकार शिंजी कांडा. चित्रकाराचं नाव जपानी कार्डावरही रोमन अक्षरांत असतं, म्हणून वाचता आलं. लाटेची रेघ न् रेघ वेगळी, एकीवर दुसरी चढलेली नाही, आणि त्या सगळ्या गर्दीत तो मासा तोंड उघडून. पाचएक मिनिटं भिंग हललं नाही. मग भाव विचारला आणि भिंग खिशात टाकलं.

सायडक, १७५/१६५, तिथूनच नऊशेला घेतला. साडेबारा हजारांत असे डझनभर तरी आले असते, आणि जिंक्स, रॅटाटा व दुहेरी-तिहेरी आलेली साधी कार्डं घरी साठली नसती. बॉक्स फोडण्याची मजा मी नाकारत नाही. पाकीट फाडताना येणारा शाईचा वास मला रोज फुकट मिळतो म्हणून कदाचित माझ्यावर तो नशा चढत नसेल. मुलाचं मत वेगळं आहे, त्याला पुढच्या वाढदिवसाला बॉक्सच हवाय.

दुहेरी आलेली कार्डं दुकानदार निम्म्या भावात परत घेतो, रोख नाही, त्या बदल्यात दुसरी कार्डं देतो. सोमवारी बंद, बाकी दिवशी दुपारी दोननंतर. यूपीआय चालतं. छत्री बाहेर ठेवावी लागते आणि ओल्या हातांनी फाइल उघडलीत तर तो टॉवेल पुढे करतो.